झिप उघडत नाही, सॉफ्टवेअर बदललं तरी उघडत नाही : बिघाड नेमका कुठे शोधायचा

"घरच्या कॉम्प्युटरवर झिप करायला कोणतं सॉफ्टवेअर टाकू?" असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो : काय अडलंय? सगळं सुरळीत चालू असताना हा प्रश्न कोणाला पडत नाही. फाइल उघडत नसते, किंवा अर्धीच उघडलेली असते. पासवर्ड बरोबर असूनही घेतला जात नाही, नाहीतर फायलींच्या मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग आलेली असते. मग जुना प्रोग्राम काढून नवा टाकला जातो, पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच रडगाणं सुरू होतं.

हे चक्र थांबत नाही, कारण बिघाड बहुतेक वेळा उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये नसतोच. तो फाइल बनताना झालेला असतो, ती एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना झालेला असतो, किंवा ज्या यंत्रावर ती उघडतोय तिथल्या डिस्कमध्ये वा मेमरीत असतो. म्हणून आधी दोष कुठला ते ओळखायचं. ते जमलं की कोणता प्रोग्राम ठेवायचा हे ठरवायला पाच मिनिटं लागतात.

लाल खुणेवर ओके दाबण्याआधी संदेश वाचा

चूक दाखवणारी चौकट आली की हात आपोआप बंद करायच्या बटणाकडे जातो. तसं करू नका. त्या एका ओळीत निम्मं उत्तर असतं.

"अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ डेटा" किंवा विंडोजचं "कॉम्प्रेस्ड फोल्डर इज इनव्हॅलिड" असं आलं, तर पहिला संशय अर्धवट उतरलेल्या फाइलवर घ्या. झिप फाइलची रचना लक्षात घेतली की हे लगेच पटतं. प्रोग्रामर फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये ही पद्धत आणली तेव्हा आत कोणत्या फायली आहेत आणि त्या कुठे सुरू होतात याची यादी फाइलच्या अगदी शेवटी ठेवली. अनुक्रमणिका शेवटच्या पानावर असलेल्या पुस्तकासारखं हे आहे. शेवटची पानं फाटली तर आधीचा मजकूर जागच्या जागी असूनही उघडणाऱ्याला काहीच सापडत नाही. डाउनलोड ९८ टक्क्यांवर तुटलं, पेनड्राइव्ह लिहिणं पूर्ण व्हायच्या आत ओढून काढला, की नेमकी हीच पानं जातात.

तपासायचं कसं? मूळ ठिकाणी फाइलचा आकार किती बाइट आहे ते पाहा आणि तुमच्याकडची फाइल प्रॉपर्टीजमध्ये उघडून ताडून बघा. गोलाकार एमबीचा आकडा नको, पूर्ण बाइटचा आकडा हवा. एकाही बाइटचा फरक असेल तर प्रोग्राम बदलण्यात वेळ घालवू नका, फाइल पुन्हा उतरवा. आकार जुळतो पण शंका आहे, तर शा-२५६ हा ठसा (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) दोन्हीकडे काढून जुळवा. सेव्हन-झिप हा फुकट प्रोग्राम टाकलेला असेल तर फाइलवर राइट क्लिक केल्यावर ठसा काढायचा पर्याय तिथेच मिळतो.

आकार अगदीच लहान, काही केबीचा, असेल तर आणखी एक शक्यता असते. फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा आणि पहिली दोन अक्षरं बघा. (काही बदलू नका, सेव्ह करू नका.) खरी झिप असेल तर सुरुवातीला पी आणि के ही रोमन अक्षरं दिसतील. ती फिल कॅट्झ यांच्या नावाची आद्याक्षरं. रार (झिपसारखीच दुसरी एक पद्धत) फाइल असेल तर "रार" हा शब्द रोमन लिपीत आणि पुढे उद्गारचिन्ह दिसेल, सेव्हन-झिपची स्वतःची सेव्हन-झेड पद्धत असेल तर सात आणि झेड. आणि यांतलं काहीच नसून टोकदार कंसात वेबपानाची भाषा दिसली, तर तुम्ही झिप नव्हे, लॉगिनचं पान झिपच्या नावाने उतरवून घेतलंय. खात्यात पुन्हा शिरून नव्याने उतरवा. नाव झिप आणि आत रार, असाही प्रकार पुष्कळदा दिसतो. कोणीतरी नुसतं नाव बदलून फाइल "झिप केलेली" असते. अशा वेळी शेपूट (नावातला शेवटच्या टिंबानंतरचा भाग) बरोबर लावली की काम होतं.

"अनसपोर्टेड मेथड" असं आलं तर सहसा फाइल धडधाकट असते, तुमचा प्रोग्राम तिच्यापेक्षा जुना असतो. रारची पाचवी पद्धत २०१३ मध्ये आली. त्याआधीचे प्रोग्राम तिच्यापुढे हात टेकतात. झिपमध्येही एक गोम आहे. विंडोजचं स्वतःचं झिप दोन जीबीहून मोठ्या फायलींसाठी डिफ्लेट-६४ नावाची पद्धत वापरतं, आणि ती दुसऱ्या काही साधनांना येत नाही. सॉफ्टवेअर बदलून किंवा नवी आवृत्ती टाकून खरोखर सुटणारी अडचण ही. बाकीच्या अडचणींचा इलाज दुसरीकडे आहे.

दर वेळी वेगळीच फाइल खराब निघते तेव्हा

आता सर्वांत फसवा संदेश : "सीआरसी फेल्ड" किंवा "डेटा एरर".

झिप, रार, सेव्हन-झेड या तिन्हींमध्ये आतल्या मजकुराबरोबर एक पडताळणीचा आकडा ठेवलेला असतो. त्याला सीआरसी म्हणतात. फाइल बाहेर काढताना प्रोग्राम तोच हिशेब पुन्हा करतो आणि आकडा जुळला नाही तर ओरडतो. म्हणजे तो चुकत नसतो, चूक पकडत असतो. पण ऐकणाऱ्याला वाटतं की प्रोग्रामच बिघडलाय.

माझ्या मावसभावाच्या कॉम्प्युटरवर हे काही महिने चाललं होतं. त्याने तीन प्रोग्राम बदलले. शेवटी फोन आला : "दादा, चौथं काहीतरी सांग. हे पण तेच म्हणतंय." मी त्याला एकच फाइल सलग तीन वेळा उघडायला लावली आणि चूक कोणत्या फाइलवर येते ते दर वेळी लिहून घ्यायला सांगितलं. पहिल्यांदा बाराव्या फाइलवर अडलं, दुसऱ्यांदा चाळिसाव्या, तिसऱ्यांदा काहीच अडलं नाही. मी म्हटलं, "अरे, झिपला हात लावू नकोस. रॅम तपास."

फाइल डिस्कवर आहे तशीच असेल तर तिच्यातली खराब जागा दर वेळी एकच असायला हवी. ती जागा बदलत असेल तर डिस्कवरून वाचलेला मजकूर मेमरीत हाताळताना बदलतोय. फायली दाबण्या-उलगडण्याच्या कामात मेमरीवर मोठा भार पडतो आणि प्रत्येक बिट मोजला जातो, म्हणून गाणी-सिनेमे-इंटरनेट सगळं चालू असताना इथेच पहिल्यांदा दुखणं बाहेर येतं. विंडोजमध्ये मेमरी तपासायचं साधन आहेच. सेव्हन-झिपच्या टूल्स मेन्यूतलं बेंचमार्कही चालवून बघता येतं, कारण ते वेग मोजताना आकडे चुकतात का हेही बघतं. त्या कॉम्प्युटरमध्ये दोन रॅमपट्ट्या होत्या. एकेक काढून पाहिल्यावर एक सदोष निघाली. ती बदलली आणि पहिला प्रोग्रामच परत टाकला.

मला त्या प्रकरणात हळहळ वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्या काही महिन्यांत त्याने त्याच यंत्रावर जुन्या फोटोंचे गठ्ठे बनवून मूळ फायली पुसल्या होत्या. सदोष मेमरीत बनलेल्या गठ्ठ्यांपैकी काही कायमचे बिघडलेले होते. उघडताना झालेली चूक पुन्हा उघडून सुधारते, बनवताना झालेली चूक आत गोठून बसते. म्हणून सीआरसीची चूक एकदा जरी आली, तरी कारण सापडेपर्यंत त्या यंत्रावर काहीही बनवून मूळ पुसू नका. अगदी एकही फाइल नाही.

चूक दर वेळी त्याच फाइलवर येत असेल तर उघडताना मेमरी चुकत नाहीये, गठ्ठाच खरोखर बिघडलाय. दुसरी प्रत आहे का ते बघा. नसेल तर पुढचं सगळं पद्धतीवर अवलंबून. झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे दाबलेली असते, त्यामुळे एक गेली तरी बाकीच्या निघतात. सेव्हन-झेड मात्र सहसा सगळ्या फायली एकामागोमाग एक सलग दाबते. याला सॉलिड म्हणतात. जागा वाचते खरी, पण मध्ये एक ठिकाण नासलं की त्या सलग पट्ट्यातलं पुढचं बहुतेक सगळं जातं. रारमध्ये आधीच "रिकव्हरी रेकॉर्ड" घातलेलं असेल तर थोडी मोडतोड भरून निघते. बिघडण्याआधी घातलं नसेल तर नंतर त्याचा उपयोग नाही.

मराठी नावांचं काय होतं

यावर जरा थांबतो, कारण हे दुखणं खास आपल्याला होतं आणि त्याबद्दल कोणी नीट सांगत नाही.

झिप जन्माला आली तेव्हा फायलींची नावं कोड पेज ४३७ या अक्षरसंचात लिहायची असं धरलेलं होतं. आयबीएमच्या पहिल्या पीसीवरचा तो संच. त्यात २५६ चिन्हं, देवनागरीचं एकही नाही. नावं यूनिकोडमध्ये (जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीचा अक्षरसंच), त्यातही यूटीएफ-८ या पद्धतीने लिहिली आहेत असं सांगणारी खूण झिपच्या अधिकृत वर्णनात २००६ मध्ये आली. ती आल्यावरही सगळ्या प्रोग्रामांनी ती लगेच पाळली असं नाही. विंडोज ७ पर्यंतचं अंगचं झिप तर देवनागरी नावाची फाइल पाहून "यात न चालणारी अक्षरं आहेत" असं सांगून सरळ नकार द्यायचं.

म्हणून नावं बिघडलेली दिसली की आधी ती कशी बिघडली आहेत ते निरखून बघा. तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचे अर्थ वेगळे.

नावाच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा अधोरेखा असतील तर बहुधा अक्षरं गेली. बनवणाऱ्या प्रोग्रामला देवनागरी लिहिता आली नाही, त्याने प्रत्येक अक्षराच्या जागी एक खूण टाकली. कोणताही प्रोग्राम ती परत आणू शकत नाही. पाठवणाऱ्याला दुसऱ्या साधनाने पुन्हा बनवायला सांगा. आतला मजकूर सहसा शाबूत असतो, तेव्हा फाइल उघडून नाव हाताने देणं हाही मार्ग आहे.

चित्रविचित्र अक्षरं असतील तर आनंद माना, कारण नावं आत सुरक्षित आहेत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि त्यातला पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच. दुसरा दोनांपैकी एक. म्हणून जुन्या कोड पेजने वाचल्यावर दर तीन चिन्हांनी तोच ग्रीक अल्फा दिसतो आणि त्याच्या पाठोपाठ डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एन. विंडोजच्या पाश्चात्त्य कोड पेजने वाचलं तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए पुन्हा पुन्हा येतो. हा नमुना एकदा डोळ्यांत बसला की लांबूनच ओळखू येतं : हे मराठी आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचलंय. बँडिझिप या प्रोग्राममध्ये फाइल उघडल्यावर कोड पेज बदलता येतं, ते यूटीएफ-८ करा. मॅकवरचा द अनआर्काइव्हर स्वतः संकेत ओळखायचा प्रयत्न करतो आणि खात्री नसेल तर विचारतो.

नुसते रिकामे चौकोन दिसत असतील तर झिपचा काही दोष नाही. त्या यंत्रावर देवनागरीचा फॉन्ट नाही.

आणखी दोन बारकावे. पहिला, लांबीचा. लिनक्समध्ये एका नावाला २५५ बाइट मिळतात. विंडोजमध्ये २५५ चिन्हं मिळतात. रोमन नावांना हे दोन्ही जवळपास सारखंच, पण आपल्याला लिनक्सवर जेमतेम ८५ चिन्हं मिळतात. आणि चिन्हं म्हणजे अक्षरं नव्हेत : "स्वातंत्र्य" या एका शब्दात हलन्त, काना, अनुस्वार धरून ११ चिन्हं आहेत, म्हणजे ३३ बाइट. विंडोजवर ठाकठीक असलेलं वाक्याएवढं नाव लिनक्सवर काढताना "नाव फार लांब" म्हणून अडतं ते यामुळे.

दुसरा बारकावा आपल्या ऱ चा. "दुसऱ्या", "तऱ्हा" यांतला ऱ यूनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. दिसायला अगदी एकसारखं. मॅकची जुनी फाइलव्यवस्था नाव ठेवताना ते सुटं करून ठेवायची. तिथे बनलेली झिप विंडोजमध्ये त्याच नावाची फाइल आधीच असलेल्या फोल्डरमध्ये काढली की तिथे एकाच नावाच्या दोन फायली दिसू शकतात, आणि शोधायला गेलं तर एकच सापडते. दुसरी फाइल नकलेची समजून पुसण्याआधी दोन्ही उघडून बघा.

मी स्वतः काय करतो? माझ्यापाशी ठेवायच्या फायलींना मराठी नावंच देतो. आपल्या भाषेतलं नाव टाळावं असं मला मुळीच वाटत नाही. सेव्हन-झेड पद्धतीत नावं मुळातच यूनिकोडमध्ये असतात, आणि आताचं सेव्हन-झिप झिप बनवतानाही देवनागरी नावं आपणहून यूटीएफ-८ मध्ये लिहितं. फक्त समोरच्याचं यंत्र किती जुनं आहे ते माहीत नसेल तर झिपचं बाहेरचं नाव रोमन ठेवतो. आतल्यांची नावं मराठी. बाहेरचं नाव तरी धड पोचतं.

पासवर्ड बरोबर आहे, तरी "चुकीचा पासवर्ड"

सुरुवात सोप्या गोष्टीने : संदेशातून पासवर्ड कॉपी करताना शेवटी एक मोकळी जागा चिकटून येते. हाताने टाइप करून बघा. बऱ्याचदा तिथेच काम होतं.

पासवर्ड देवनागरीत ठेवला असेल तर मात्र गंभीर अडचण होऊ शकते. पासवर्डची अक्षरं कोणत्या संकेतात घ्यायची यावर झिप बनवणाऱ्या प्रोग्रामांचं एकमत नाही. एकाने यूटीएफ-८ मध्ये घेतली, दुसऱ्याने स्थानिक कोड पेजमध्ये, तर तुमचा बरोबर पासवर्डही चुकीचाच ठरतो. त्यात वर सांगितलेल्या ऱ सारख्या अक्षरांची भर. अशी फाइल ज्या प्रोग्रामने बनली त्यातच उघडून बघा. पुढे पासवर्ड रोमन अक्षरं आणि आकड्यांचाच ठेवा, पण लांब ठेवा.

तिसरं कारण संरक्षणाच्या प्रकाराचं. झिपमध्ये दोन कुलपं आहेत. जुन्याला झिपक्रिप्टो म्हणतात. एली बिहॅम आणि पॉल कोचर यांनी १९९४ मध्येच दाखवून दिलं की आतल्या मजकुराचा थोडा भाग माहीत असेल तर ते फोडता येतं. दुसरं एईएस-२५६, ते भक्कम आहे. अडचण अशी की विंडोजचं अंगचं झिप वर्षानुवर्षं फक्त जुनंच कुलूप ओळखत आलं, आणि एईएसची फाइल दिली की कारण न सांगता अडायचं. म्हणून सेव्हन-झिपमध्ये झिप बनवताना आधी झिपक्रिप्टोच निवडलेलं असतं. जिथे तिथे उघडावं म्हणून. खरंच गुपित ठेवायचं असेल तर तिथे एईएस-२५६ निवडा आणि घेणाऱ्यालाही सेव्हन-झिप टाकायला सांगा. झिपमध्ये पासवर्ड असला तरी आतल्या फायलींची नावं उघडी राहतात हेही ध्यानात ठेवा. नावंही झाकायची तर सेव्हन-झेड पद्धत घेऊन "एन्क्रिप्ट फाइल नेम्स" वर खूण करा.

पासवर्ड विसरला असेल आणि कुलूप एईएसचं असेल, तर "पासवर्ड काढून देतो" म्हणणारे प्रोग्राम उतरवू नका. सेव्हन-झेडमध्ये प्रत्येक पासवर्ड तपासण्यासाठी पाच लाखांहून अधिक वेळा हिशेब करावा लागतो, मुद्दाम. अंदाज लावत बसणाऱ्याला ते परवडू नये म्हणूनच.

काम केलं, सेव्ह केलं, आणि गेलं

ही तक्रार मला सगळ्यांत जास्त लागते, कारण यात माणसाची रात्रभराची मेहनत जाते. झिपवर डबल क्लिक केलं की विंडोजमध्ये ती साध्या फोल्डरसारखी दिसते. आतला दस्तऐवज उघडतो, दोन तास लिहितो, सेव्ह करतो. दुसऱ्या दिवशी झिप उघडली तर मजकूर जुनाच.

झालं असं की विंडोजने त्या दस्तऐवजाची तात्पुरती प्रत टेंप फोल्डरमध्ये काढून तुम्हाला दाखवली. तुम्ही लिहिलंत ते त्या प्रतीवर. झिप आतून बदललीच नाही. तातडीने टेंप फोल्डर उघडा, झिपच्या नावाचा फोल्डर शोधा, आणि वर्डमध्ये लिहीत असाल तर त्याची अलीकडच्या फायलींची यादी बघा. कॉम्प्युटर बंद-चालू करण्याआधी किंवा सफाई करणारं काही चालवण्याआधी शोधलंत तर मिळायची आशा असते. फाइल उघडल्यावर वरच्या पट्टीत "रीड ओन्ली" दिसलं तर तिथेच थांबा, झिप पूर्ण एक्स्ट्रॅक्ट करा आणि मग लिहायला बसा.

दाबूनही लहान होत नाही, किंवा पेनड्राइव्हवर मावत नाही

फोटो, गाणी, व्हिडिओ आधीच दाबलेले असतात. जेपीईजी किंवा एमपी-४ झिप केल्याने आकारात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही, कोणताही प्रोग्राम घ्या. वर्ड-एक्सेलच्या आताच्या फायली तर स्वतःच झिप असतात. डॉक्स फाइलची शेपूट झिप करून उघडून बघा, आत फोल्डर दिसतील. फोटोंचा एकच गठ्ठा करायचा असेल तर दाबण्याची पातळी "स्टोअर" ठेवा. वेळ वाचेल.

पेनड्राइव्हवर जागा असूनही "फाइल फार मोठी" असं आलं तर पेनड्राइव्ह फॅट-३२ नावाच्या जुन्या मांडणीवर आहे. त्यात एक फाइल चार जीबीहून मोठी बसत नाही. पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, किंवा गठ्ठ्याचे तुकडे पाडा. तुकडे पाडलेत तर सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेवून पहिला उघडायचा. एकही हरवला तर पुढचं निघत नाही. मूळ झिपलाही चार जीबी आणि ६५,५३५ फायली अशी मर्यादा होती, ती २००१ मध्ये झिप-६४ ने उठवली. विंडोज एक्सपीच्या अंगच्या झिपला ती येत नाही, बाकी आता फारसा त्रास नाही.

काढताना "पाथ टू लाँग" आलं तर फोल्डरात फोल्डर साठून पूर्ण पत्ता २६० चिन्हांच्या पुढे गेलाय. डिस्कच्या मुळाशी एका अक्षराचा फोल्डर करून त्यात काढा.

मग ठेवायचं काय

विंडोजवर माझं उत्तर सेव्हन-झिप. इगोर पाव्लोव यांनी ते १९९९ मध्ये आणलं, फुकट आहे, त्याचा सोर्स खुला आहे, आणि जवळपास सगळं उघडतं. दिसायला जुनाट आहे हे खरं; त्याचा कंटाळा येत असेल तर पीझिप घ्या, तेही खुलं आहे. सेव्हन-झिप उतरवताना पत्ता नीट बघा : सेव्हन आणि झिपच्या मध्ये आडवी रेघ आणि शेवटी ओआरजी. मिळत्याजुळत्या नावांच्या जागांवरून काही घेऊ नका.

मॅकवर आणि लिनक्सवर अंगची सोय रोजच्या कामाला पुरते. मॅकवर रार किंवा सेव्हन-झेड आलं तर द अनआर्काइव्हर, बनवायचं असेल तर केका. मॅकवरून विंडोजवाल्याला झिप गेली की त्यात "मॅक ओएस एक्स" नावाचा एक जादा फोल्डर दिसतो, तो निरुपद्रवी आहे, व्हायरस नव्हे.

विंडोज ११ मध्ये ऑक्टोबर २०२३ पासून रार आणि सेव्हन-झेड थेट उघडतात. नुसत्या उघडण्यापुरतं ते पुरेसं आहे. पासवर्ड लावलेल्या अशा फायली मात्र ती सोय आली तेव्हा उघडत नव्हत्या, आणि दुसऱ्यांकडून येणाऱ्या अडलेल्या फायलींत पासवर्डवाल्याही असतात.

विनरार, म्हणजे रारचा मूळ प्रोग्राम? उघडायला ठीक. बनवायला मी ते फक्त रिकव्हरी रेकॉर्डसाठी घेईन. रार बनवण्याची पद्धत एका मालकाची आहे, खुली नाही, आणि बंदिस्त पद्धतींचं पुढे काय होतं याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. एस नावाची एक पद्धत एके काळी बरीच वापरात होती. ती उघडण्यासाठी विनरार बाहेरून घेतलेला एक तुकडा वापरत होतं. २०१९ मध्ये त्यात घातक भोक सापडलं, आणि तो तुकडा २००५ पासून सुधारलेलाच नव्हता, त्याचा सोर्सही विनरारवाल्यांकडे नव्हता. त्यांनी ५.७० या आवृत्तीत एसचा पाठिंबाच काढून टाकला. योग्यच केलं. पण ज्यांचे जुने गठ्ठे एसमध्ये होते त्यांच्या हातून रोजची किल्ली गेली. म्हणून दहा वर्षांनी उघडायचं असेल तर झिप. तिचं वर्णन पहिल्यापासून जाहीर आहे, आणि फोनपासून प्रत्येक यंत्राला ती येते. सेव्हन-झेड मी गुपित कागदपत्रांसाठी आणि नुसत्या मजकुराच्या मोठ्या ढिगांसाठी वापरतो, आणि तेव्हा "सॉलिड ब्लॉक साइझ" च्या जागी "नॉन-सॉलिड" निवडतो. थोडी जागा जास्त जाते. जाऊ दे.

सेव्हन-झिप आणि विनरार दोन्ही आपणहून अद्ययावत होत नाहीत, हे फार कमी जणांना माहीत असतं. विनरारमधली २०२३ ची एक चूक ६.२३ मध्ये आणि २०२५ ची एक ७.१३ मध्ये दुरुस्त झाली. दोन्हींचा हल्लेखोरांनी प्रत्यक्ष वापर केला होता. सेव्हन-झिपमधली अशीच एक २४.०९ मध्ये सुधारली गेली. हेल्प मेन्यूत जाऊन तुमची आवृत्ती आत्ताच बघा. सर्वांत ताज्या आवृत्तीहून जुनी असेल तर नवी टाका.

मूळ पुसण्याआधी

गठ्ठा बनला की त्यावर राइट क्लिक करून "टेस्ट आर्काइव्ह" चालवा. सेव्हन-झिप आणि विनरार दोन्हींत हे आहे, आणि ते सगळं आतल्या आत उलगडून सीआरसी जुळवून बघतं. मग गठ्ठा दुसऱ्या डिस्कवर न्या आणि तिथे पुन्हा टेस्ट करा. शक्य असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे मेमरीचा दोषही लपत नाही. दोन जागी दोन प्रती झाल्याशिवाय मूळ पुसायचं नाही. वीस वर्षांचे फोटो एकाच गठ्ठ्यात कोंबण्यापेक्षा वर्षाला एक झिप केलीत तर एखादी बिघडली तरी एकाच वर्षाचं नुकसान होतं.

एवढं करूनही एखादी फाइल अडलीच आणि जाणत्याला विचारायचं झालं, तर "झिप उघडत नाही" एवढंच सांगू नका. चूक दाखवणारा संदेश शब्दशः लिहा किंवा त्याचा फोटो द्या. फाइल किती बाइटची आहे, मूळ ठिकाणी किती होती, कोणत्या प्रोग्रामने आणि कोणत्या यंत्रावर बनली, तुम्ही कशात उघडताय आणि त्याची आवृत्ती कोणती, हे सांगा. आणि तीनदा उघडून बघितल्यावर चूक त्याच फाइलवर आली की वेगळ्या, तेही.